विश्लेषण : विळ्यावर तांबूस थर का चढतो? डाळिंबबागेतल्या बोर्डो मिश्रणाचे रसायन

पाऊस लांबला, हवेत दमटपणा वाढला की कसमादे पट्ट्यात एकच धास्ती असते, तेल्याची. कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा या चार तालुक्यांत डाळिंबाने अनेकांची घरे उभी केली आणि तेल्याने अनेकांच्या बागा उपटायला लावल्या. हा रोग जिवाणूंमुळे होतो. एकदा फळावर तेलकट डाग पडला, फळ तडकले की त्या फळापुरता उपाय संपतो. म्हणून सगळा भर रोग येण्याआधीच्या फवारणीवर असतो आणि त्या फवारणीत सर्वात जुने, सर्वात स्वस्त औषध म्हणजे बोर्डो मिश्रण. ते दुकानात तयार मिळणाऱ्या बाटलीतले नाही, शेतकरी ते बांधावर स्वतः बनवतो. तिथेच घोटाळा होतो. प्रमाण तेच, पंप तोच, तरी एकाची बाग सुरक्षित राहते आणि दुसऱ्याची पाने करपतात.

मोरचूद, चुना आणि पाणी एवढ्या तीन वस्तूंत द्रावण, आम्ल, आम्लारी आणि रासायनिक अभिक्रिया असे शाळेतले चार धडे आहेत.

एक टक्का म्हणजे किती?

छाटणीनंतर, विश्रांतीच्या काळात साधारण एक टक्का बोर्डो मारतात. म्हणजे १ किलो मोरचूद, १ किलो चुना आणि १०० लिटर पाणी. झाडावर पाने-फळे असताना हेच प्रमाण निम्म्यावर, ०.५ टक्क्यावर आणतात. यात ‘अंदाजे दोन ओंजळी’ चालत नाही, वजनकाटा लागतो.

मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट. त्याच्या निळ्या खड्यांत पाणी बंदिस्त असते. किलोभर मोरचुदात प्रत्यक्ष तांबे साधारण २५५ ग्रॅम आणि पाणी तब्बल ३६० ग्रॅम. (उघड्यावर पडून खडे पांढुरके दिसू लागले तर ते पाणी उडालेले असते, माल बनावट असतोच असे नाही.)

खडे बादलीच्या तळाशी टाकून काठीने तासभर ढवळणारे बरेच दिसतात. जुन्या बागायतदारांची पद्धत सोपी आहे. मोरचूद फडक्यात बांधून पुरचुंडी पाण्याच्या वरच्या थरात लोंबती ठेवायची. विरघळलेले द्रावण साध्या पाण्यापेक्षा जड असते, ते आपोआप खाली बसते आणि खड्यांना वरून ताजे पाणी मिळत राहते. तळाशी टाकलेले खडे मात्र स्वतःच्याच संपृक्त द्रावणात बुडून राहतात, तिथे आणखी विरघळायला जागाच उरत नाही.

चुना कशासाठी?

मोरचुदाचे द्रावण आम्लधर्मी असते. निळा लिटमस त्यात लाल होतो. तसेच फवारले तर मोकळे तांबे जिवाणूला मारील, पण पानालाही जाळील. चुना आम्लारी आहे. दोन्ही एकत्र आले की आम्लता नाहीशी होते आणि तांबे पाण्यात न विरघळणाऱ्या कॉपर हायड्रॉक्साइडच्या रूपात बाहेर पडते. आकाशी रंगाचा जो लिबलिबीत साका दिसतो तो हाच. सोबत जिप्सम, म्हणजे कॅल्शियम सल्फेट, तयार होते.

त्यामुळे बोर्डो हे द्रावण नाहीच. ते निलंबन आहे, पाण्यात तरंगणारे बारीक कण. म्हणून पंपातही ते हलते ठेवावे लागते, नाहीतर नोझल तुंबतो. आणि म्हणूनच ते पानावर वाळून चिकटून बसते, एखाद्या सरीने धुऊन जात नाही. पुढे पावसाचे, दवाचे पाणी आणि पानातून पाझरणारी सौम्य आम्ले या थरातून तांबे अगदी थोडे थोडे सोडत राहतात. जिवाणूला तेवढे पुरते आणि पान भाजत नाही.

आता हिशेब पाहा. १ किलो मोरचुदाची आम्लता घालवायला रसायनशास्त्राप्रमाणे शुद्ध कळीचा चुना लागतो साधारण २२५ ग्रॅम. मग शिफारस किलोभराची का? कारण बाजारातला चुना शुद्ध नसतो. शिवाय चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून हळूहळू खडूसारखा कॅल्शियम कार्बोनेट होतो आणि तो हे काम नीट करत नाही. गेल्या वर्षीचे उघडे पोते किलोभर घातले तरी कमी पडू शकते. पाने करपण्याचे मूळ बऱ्याचदा मोरचुदात नसून या शिळ्या चुन्यात असते. चुना फार जास्त झाला तर पान जळत नाही, पण तांबे सुटण्याचा वेग मंदावतो आणि फळावर पांढरे डाग राहतात.

चुना विझवताना घाई नको. १ किलो कळीचा चुना विझताना एवढी उष्णता बाहेर पडते की तीन लिटरहून जास्त पाण्याला उकळी येईल. डोळ्यात उडालेला थेंब कायमची इजा करू शकतो. चष्मा लावा, चुना थोड्या थोड्या पाण्यात विझवा आणि निवळी पूर्ण गार होऊ द्या. गरम चुन्यात मोरचूद ओतले तर आकाशी साका काळपट पडतो, कारण हायड्रॉक्साइडचे कॉपर ऑक्साइड होते. ते मिश्रण फवारू नये.

दोन्ही निवळ्या वेगवेगळ्या, निम्म्या निम्म्या पाण्यात करून तिसऱ्या भांड्यात एकाच वेळी ओतायच्या आणि ढवळत राहायचे. भांडी प्लास्टिकची. लोखंडी बादली अजिबात नाही.

विळ्याची परीक्षा

लोखंडी बादली का नको, याचेच उत्तर बांधावरच्या परीक्षेत आहे. चकचकीत घासलेला लोखंडी विळा मिश्रणात मिनिटभर बुडवायचा. बाहेर काढल्यावर पात्यावर तांबूस थर दिसला तर मिश्रणात मोकळे तांबे शिल्लक आहे, आणखी चुन्याची निवळी हवी. थर नसेल तर फवारा.

लोखंड तांब्यापेक्षा अधिक क्रियाशील आहे. ते स्वतः द्रावणात उतरते आणि तांब्याला बाहेर ढकलते. दहावीच्या विज्ञानात विस्थापन अभिक्रिया म्हणून मोरचुदाच्या द्रावणात धातू टाकायचा प्रयोग असतो, तोच हा. लोखंडी बादलीत हेच घडते. बादली झिजते आणि औषधातले तांबे तिच्या भिंतीवर बसते. घरातला स्टीलचा चमचा मात्र या परीक्षेला घेऊ नका. स्टीलवर क्रोमियमचा संरक्षक थर असतो, त्यामुळे मिश्रण आम्ल असूनही तो स्वच्छ निघू शकतो. सोबत लिटमस ठेवला तर उत्तम. निळा कागद लाल होता कामा नये.

हे मिश्रण सापडले ते काहीसे योगायोगानेच. फ्रान्समधल्या बोर्डो परिसरात रस्त्याकडेच्या द्राक्षवेलींवर शेतकरी मोरचूद-चुना शिंपडत, वाटसरूंनी द्राक्षे चोरू नयेत म्हणून. आपल्याकडे नाशिकचे द्राक्ष बागायतदार ज्याला ‘डाऊनी’ म्हणतात, तो रोग त्याच वेलींवर आला नाही. वनस्पतिशास्त्रज्ञ मिलार्डे यांनी ते हेरले आणि १८८५ मध्ये हा उपाय प्रसिद्ध केला. तांबे मातीत साचून राहते, कुजून जात नाही, हे तेव्हा कोणाच्या ध्यानात नव्हते. म्हणून उठसूट बोर्डो मारणे हाही शहाणपणा नाही.

पाण्याचा सामू आणि पानगळीचे औषध

बोर्डोनंतर तोच पंप दुसऱ्या औषधाला वापरायचा असेल तर तो आधी स्वच्छ धुवावा. अनेक कीटकनाशके अल्कलीत फुटतात. सामूचा आकडा लहान दिसतो, पण एकेक आकडा दहापटीचा असतो. सामू ८ चे पाणी ६ वर आणायचे म्हणजे शंभरपट फरक.

बहार धरताना पानगळीसाठी वापरतात ते इथेफॉन हे याचे उत्तम उदाहरण. बाटलीत ते तीव्र आम्लात शांत असते. झाडाच्या पेशीत सामू चढला की ते फुटते, इथिलीन वायू सुटतो आणि पाने गळतात. तेच औषध जड, अल्कधर्मी पाण्यात कालवून तासभर ठेवले तर ते टाकीतच फुटू लागते. मग ‘औषध बोगस निघाले’ म्हणून दुकानदाराशी भांडण. काही वेळा दुकानदार खोटा असतोही, पण आधी पाण्याचा सामू तपासावा.

ठिबकला ॲसिड देताना

जड पाण्याचा दुसरा त्रास ठिबकच्या तोट्यांत दिसतो, पांढरा कठीण थर. हाही कॅल्शियम कार्बोनेटच. हायड्रोक्लोरिक ॲसिड सोडले की तो फसफसून विरघळतो आणि कार्बन डायऑक्साइड निघून जातो. सुरुवातीचे ॲसिड पाण्यातला बायकार्बोनेट खाऊन टाकतो, त्यामुळे सामू हलताना दिसत नाही. मग माणूस हात सैल सोडतो आणि सामू एकदम कोसळतो. थोडे थोडे घालत लिटमस किंवा मीटरने तपासत जाणे हाच मार्ग.

ॲसिड नेहमी पाण्यात घालायचे, पाणी ॲसिडमध्ये नाही. उलटे केले तर थोड्या पाण्यात सगळी उष्णता एकवटते आणि ॲसिड अंगावर उसळते.

शेवाळासाठी काही जण ठिबकला ब्लीचिंग पावडर देतात. ती आणि ॲसिड एकाच टाकीत, एकाच दिवशी कधीही नको. दोन्ही एकत्र आले की विषारी क्लोरीन वायू सुटतो आणि बंद पंपघरात तो जीव घेऊ शकतो. डोळ्यात ॲसिड किंवा चुना गेला तर किमान १५ मिनिटे स्वच्छ वाहत्या पाण्याने डोळा धुऊन थेट दवाखाना गाठावा. ॲसिडवर उतारा म्हणून चुना लावायचा नाही.

राहिलेले बोर्डो दुसऱ्या दिवसासाठी झाकून ठेवू नये. रात्रीत कण मोठे होतात, साका खाली बसतो आणि पानाला चिकटण्याची ताकद जाते. जेवढे त्या दिवशी फवारून होईल तेवढेच बनवावे.