नवा नाटककार आणि नाट्यपरिषदेचे सभासदत्व

महेश एलकुंचवार यांची ‘सुलतान’ ही एकांकिका १९६७ साली ‘सत्यकथा’ मासिकात प्रसिद्ध झाली, ती विजया मेहता यांच्या वाचनात आली आणि पुढे नागपूरच्या या तरुण प्राध्यापकाचे लेखन मुंबईच्या ‘रंगायन’ने रंगमंचावर आणले. असा योग सर्वांच्याच वाट्याला येत नाही. पहिलेवहिले नाटक हाती असलेल्या नागपूरच्या लेखकाला बहुधा नाट्यसंस्थांचे उंबरठे झिजवावे लागतात. अशा वेळी अखिल भारतीय मराठी नाट्यपरिषदेचे सभासद व्हावे काय, आणि झाल्यास पदरी काय पडते, हा प्रश्न त्याच्यापुढे उभा राहतो.

१९०५ साली स्थापन झालेल्या या परिषदेची शाखा नागपुरात आहे. ९९ वे नाट्यसंमेलन फेब्रुवारी २०१९ मध्ये प्रेमानंद गज्वी यांच्या अध्यक्षतेखाली नागपुरातच भरले होते. रीतसर अर्ज करून व वर्गणी भरून सभासद होता येते. परिषदेच्या निवडणुकीत मताधिकारही मिळतो. तथापि नवोदिताच्या दृष्टीने मोलाचा आहे तो सहवास. दिग्दर्शक, नट, नेपथ्यकार यांच्याशी परिचय झाला, की राज्य नाट्यस्पर्धेसाठी नव्या संहितेच्या शोधात कोण आहे, हे वेळेवर कळते.

मात्र परिषद ही केवळ लेखकांची संघटना नव्हे. नाटक करणारे, करविणारे आणि लिहिणारे असे सारेच तेथे एकत्र नांदतात. फ्रान्समध्ये बोमार्शे या नाटककाराने जुलै १७७७ मध्ये सहकारी लेखकांना घरी भोजनास बोलाविले, ते नाटक मंडळीकडून उत्पन्नाचा चोख हिशेब मिळावा म्हणून. त्यातून निव्वळ नाटककारांची संघटना उभी राहिली. नाट्यपरिषदेकडून तशी अपेक्षा बाळगणे रास्त होणार नाही. मानधनाचे लेखकाने स्वतःच ठरवावयाचे असते.

सभासदत्वाची पावती म्हणजे लेखनावरील हक्काचा दाखलाही नव्हे. कॉपीराइट अधिनियम, १९५७ अन्वये संहिता कागदावर उतरताच हक्क लेखकाचा होतो. नोंदणी ऐच्छिक असून वाद उद्भवल्यास पुरावा म्हणून ती उपयोगी पडते. खरा धोका आहे तो परवानगीपत्रात. राज्य नाट्यस्पर्धेत उतरणाऱ्या संस्थेस रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाच्या प्रमाणपत्राबरोबर लेखकाचे परवानगीपत्रही लागते. आपले नाटक होणार या आनंदात नवा लेखक दोन ओळी लिहून सही करून देतो. पत्रात मुदत नमूद नसेल, तर कायद्याने ती पाच वर्षे धरली जाते, आणि क्षेत्र नमूद नसेल तर संपूर्ण भारत! एका स्पर्धेसाठी तोंडी मागितलेली परवानगी अशी कितीतरी लांबू शकते.

म्हणून संस्थेचे नाव, प्रयोगांची संख्या, मुदत, क्षेत्र आणि मानधन यांचा पत्रात स्पष्ट उल्लेख हवा. लेखकाच्या संमतीवाचून संहितेत फेरफार होणार नाही, हेही लिहावे. सहीपूर्वी हा मसुदा शाखेतील एखाद्या अनुभवी नाटककारास दाखविता येतो. सही केलेल्या पत्राची एक प्रत लेखकाने स्वतःजवळ ठेवावी.