लेकराच्या श्वासाचे माप खरे हवे

कापूस वेचणीचे दिवस आले की दर्यापूरच्या जिनांपुढे कापसाच्या गाड्या लागतात. हवेत रुईचे तंतू, रस्त्यावर धूळ आणि संध्याकाळी चुलीतल्या पऱ्हाट्यांचा धूर. याच दिवसांत वस्तीतल्या कितीतरी लेकरांची छाती घरघरू लागते. “पोराले दम लागते जी,” म्हणत माय दवाखान्यात येते. औषधाने आठ दिवस बरे वाटते, पुन्हा तेच. मग डॉक्टर सांगतात, अमरावतीला नाहीतर अकोल्याला नेऊन फुंकण्याची तपासणी करून आणा.

या तपासणीचे नाव स्पायरोमेट्री. तिच्या कागदावरील आकडे पाहून लेकराला दमा आहे की नाही, पंप चालू ठेवायचा की बंद करायचा, हे ठरविण्यास डॉक्टरांना मदत होते. आकडाच चुकला तर निरोगी पोर रुग्ण ठरते किंवा आजारी पोर औषधावाचून राहते. शिवाय तपासणी पुन्हा करायची म्हणजे एसटीचे भाडे आणि आणखी एका दिवसाची मजुरी बुडाली. म्हणून हे माप खरे कसे येते, ते प्रत्येक आईबापाने समजून घ्यावे असे आम्हाला वाटते.

काय मोजतात?

लेकराने छाती भरून श्वास घ्यायचा, नळी ओठांत घट्ट धरायची आणि सगळी हवा जोराने बाहेर सोडायची. नाकाला चिमटा लावतात. एकूण किती हवा बाहेर आली आणि त्यातली पहिल्या एका सेकंदात किती आली, हे यंत्र मोजते. दम्यात श्वासनळ्या आकसतात, म्हणून पहिल्या सेकंदातली हवा कमी पडते.

रक्ताच्या तपासणीत रुग्णाला काही करावे लागत नाही. येथे मात्र लेकराने मन लावून फुंकले तरच आकडा खरा. ते लाजले, भ्याले, मध्येच खोकलले किंवा ओठांच्या कडेने हवा सुटली की आकडा खाली येतो. म्हणून एका फुंकरीवर निदान करायचे नसते. नीट जमलेल्या निदान ३ फुंकरी हव्यात. सहा वर्षांवरील मुलांत त्यांतल्या सर्वांत चांगल्या दोघींत १५० मिलिलिटरपेक्षा जास्त फरक नसावा. पाच-सहा वर्षांपुढच्या बहुतेक मुलांना हे शिकविल्यावर जमते. मूल त्याहून लहान असेल तर डॉक्टर मुख्यतः लक्षणांवरून आणि औषधाच्या गुणावरून ठरवितात.

यंत्राचीही परीक्षा असते. ३ लिटर हवा मावणाऱ्या मोठ्या पिचकारीने रोज त्यात हवा सोडून ते बरोबर मोजते का, हे पाहावे लागते. फरक ३ टक्क्यांच्या आत असावा.

चपलेची चूक

फुंकर मोजल्यावर यंत्र ती एका अपेक्षित आकड्याशी ताडून पाहते. हा आकडा वय, उंची आणि मुलगा की मुलगी यांवरून काढतात. फुप्फुसाची क्षमता उंचीबरोबर वाढते, हे लंडनच्या जॉन हचिन्सन यांनी १८४६ साली दाखविले. त्यांनी दोन हजारांहून अधिक लोकांचा श्वास मोजला होता.

आता हिशेब पाहा. समजा, एका मुलीकडून पहिल्या सेकंदात १.४० लिटरची अपेक्षा आहे आणि तिने १.१२ लिटर हवा सोडली. हे झाले ८० टक्के. पण तिची उंची चपलेसह, अंदाजानेच जास्त लिहिली आणि अपेक्षा १.४८ लिटर झाली, तर तीच फुंकर ७६ टक्क्यांवर येते. पोरगी तीच, श्वासही तोच, चूक फक्त चपलेची! म्हणून उंची अनवाणी, सरळ उभे करून, तपासणीच्या दिवशीच मोजून घ्यावी. वयासाठी जन्मतारीख नीट सांगावी.

कोणाच्या मापाने?

अपेक्षित आकडा कोणाच्या श्वासावरून ठरविला, हा प्रश्न सर्वांत मोठा आहे. अमेरिकेतील सॅम्युएल कार्टराइट नावाच्या डॉक्टरने १८५१ च्या सुमारास, काळ्या गुलामांची फुप्फुसे जन्मतःच २० टक्के कमकुवत असतात, असे लिहिले आणि मळ्यात राबविणेच त्यांच्या हिताचे आहे असा उफराटा निष्कर्ष काढला. पोटभर अन्न नाही, हवेशीर घर नाही, याचा विचार त्याने केला नाही. जन्मावरून माणसाचे माप काढण्याची ही रीत आपल्या समाजाला सांगायला नको.

पुढे ही वजाबाकी यंत्रांतच शिरली. आपल्याकडेही युरोपीय आकड्यांतून सरसकट १० टक्के वजा करून ते भारतीयांना लावण्याची पद्धत पडली. मुंबईत डॉ. कामत यांच्या गटाने १९७७ साली आणि डॉ. उडवाडिया यांच्या गटाने १९८७ साली निरोगी भारतीयांचे श्वास मोजून आपले आकडे दिले. उत्तर भारतातील मुलांसाठी वेगळी सूत्रे २०१६ साली प्रसिद्ध झाली. २०२३ साली अमेरिकेच्या छातीविकार तज्ज्ञांच्या संघटनेने वंशावर आधारलेली सूत्रे सोडून सर्वांसाठी एकच सूत्र वापरण्याची शिफारस केली.

२०१५ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आम्हाला फार मोलाचा वाटतो. त्यात शहरातील भारतीय मुलांचे श्वास इंग्लंडमध्ये वाढणाऱ्या भारतीय वंशाच्या मुलांइतकेच भरले. खेड्यातील मुलांचे मात्र कमी भरले. वंश एकच असता फरक का पडावा? अर्थात दोष रक्तात नाही, वाढण्याच्या परिस्थितीत आहे. खेड्यातल्या पोराचे कमी हेच ‘नॉर्मल’ धरले, तर उपासमारीने आणि धुराने हिरावलेला श्वास कागदावर दिसणारच नाही. म्हणून कोणते माप लावले ते विचारावे आणि पुढच्या प्रत्येक तपासणीत तेच लावावे, म्हणजे सुधारणा खरी कळेल.

पालकांनी काय करावे?

घरी कागदाच्या कपट्यावर लांब फुंकर मारण्याचा खेळ खेळवा. लेकराला सैल कपडे घाला. तपासणीआधी कोणता पंप किती तास घ्यायचा नाही, हे डॉक्टरांनाच विचारा. आपल्या मनाने औषध थांबवू नका आणि दम लागला तर पंप रोखू नका. तोंडात धरायची नळी नवी आहे ना, ते पाहा. पंप दिल्यावर १०-१५ मिनिटांनी पुन्हा फुंकवतात, तेव्हा घाईने निघून येऊ नका. नळ्या औषधाने उघडतात का, हे त्यातच कळते. सगळे कागद जपून ठेवा.

आणि एक लक्षात असू द्या. दमा येतो-जातो. बऱ्या दिवशी केलेली तपासणी नॉर्मल आली म्हणून दमा नाही, असे होत नाही. डॉक्टरांनी सांगितल्यास घरी पीक फ्लो मीटर हे साधे उपकरण ठेवता येते. त्यावर सकाळ-संध्याकाळचा आकडा वहीत लिहावा. लेकराचा स्वतःचा सर्वांत चांगला आकडा हेच तेथे त्याचे माप. आकडा त्याच्या निम्म्याखाली गेला तर डॉक्टरांनी ठरवून दिलेले औषध लगेच द्यावे आणि उशीर न करता दवाखाना गाठावा.

शिकलेल्या मुलामुलींनी ही वही लिहिण्याचे काम अंगावर घ्यावे. डॉक्टरांना प्रश्न विचारणे हा उद्धटपणा नव्हे. आपल्या लेकराचा श्वास नीट मोजला जावा, हा त्याचा हक्क आहे.