विक्रीसंवादातील श्रवण

विक्रीसंवादातील श्रवण म्हणजे वस्तूची माहिती सांगण्यापूर्वी विक्रेत्याने प्रश्न विचारून ग्राहकाची गरज जाणून घेणे आणि त्याचे म्हणणे मध्येच न तोडता ऐकून घेणे होय. जिज्ञासा व श्रवण ही याची दोन परस्परपूरक अंगे आहेत. उत्तर ऐकायचे नसेल, तर विचारलेला प्रश्न केवळ उपचार ठरतो.

पार्श्वभूमी

ब्रिटिश संशोधक नील रॅकहॅम यांनी सुमारे ३५,००० विक्रीभेटींच्या अभ्यासावर आधारित 'स्पिन सेलिंग' हा ग्रंथ १९८८ मध्ये प्रसिद्ध केला. परिस्थिती, समस्या, तिचे परिणाम आणि उपायाचा लाभ अशा क्रमाने विचारलेले प्रश्न मोठ्या व्यवहारांत उपयुक्त ठरतात, असे त्यांनी मांडले.

बुलढाणा जिल्ह्यातील उदाहरण

सोयाबीन हे बुलढाणा जिल्ह्याचे प्रमुख खरीप पीक आहे. पाने पिवळी पडली की शेतकरी कृषी सेवा केंद्रात येऊन औषध मागतो. परंतु पिवळेपणाची कारणे भिन्न असतात. लोहाच्या कमतरतेत कोवळी पाने पिवळी पडतात, मात्र शिरा हिरव्या राहतात. शेतात पाणी साचल्यानेही पीक पिवळे पडते. पिवळा मोझॅक हा विषाणुजन्य रोग पांढऱ्या माशीमुळे पसरतो. त्यावर औषध नाही, म्हणून रोगट झाडे उपटून माशीचे नियंत्रण करावे लागते. पाने कोवळी की जुनी, शिरा कशा आहेत, पाणी साचले होते का, हे विचारल्याशिवाय दिलेले औषध वाया जाते आणि कर्ज काढून केलेला खर्च अंगावर पडतो. कापसावरील फवारणीत हा प्रश्न जिवाशी निगडित असतो. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकांच्या विषबाधेने अनेक शेतकरी व शेतमजूर दगावले. म्हणून फवारणी कोण करणार, हातमोजे व मुखपट्टी आहे का, कोणती औषधे एकत्र मिसळणार, हेही विचारणे आवश्यक ठरते.

प्रशिक्षण

हैदराबाद येथील 'मॅनेज' या संस्थेने कृषी निविष्ठा विक्रेत्यांसाठी २००३ मध्ये 'देसी' हा एक वर्षाचा पदविका अभ्यासक्रम सुरू केला.

मर्यादा

ग्राहकाची ऐपत किंवा अगतिकता हेरण्यासाठी केलेली विचारपूस श्रवण ठरत नाही. खरे श्रवण कधी कधी 'याची तुम्हाला गरज नाही' या उत्तरापाशी पोहोचते. त्या दिवशीची विक्री बुडते. पण पुढच्या हंगामात शेतकरी त्याच दुकानाची पायरी चढण्याची शक्यता वाढते.