रानप्लम : मुळापासून आठळीपर्यंत

अमेरिकेतल्या किराणा दुकानात प्रून्स सुक्या मेव्याच्या फळीवर असतात, पण गिऱ्हाईक त्यांच्याकडे हात नेतं ते औषध म्हणून. पोट साफ होतं, एवढीच त्यांची ख्याती. उत्पादकांना ती इतकी नकोशी झाली की २००० च्या सुमारास त्यांनी ‘ड्राइड प्लम’ असं नाव लावायची सरकारी परवानगी मिळवली. नाव बदलून गुण काही जाईना. पुढे कॅलिफोर्नियाच्या उत्पादक मंडळाने ‘प्रून’ पुन्हा स्वीकारलं.

हा प्रून मूळचा फ्रान्सचा. १८५६ च्या सुमारास आझाँच्या प्लमच्या काड्या सॅन होजेला लुई पेलिए या फ्रेंच बागाईतदाराकडे आल्या, तिथल्या खुंटांवर कलमं बांधली गेली आणि सँटा क्लारा खोरं बागांनी भरून गेलं. सनीव्हेल, क्यूपर्टिनोत आज मराठी मंडळांचे गणपती बसतात, त्या भागात तेव्हा प्लमच्या रांगा होत्या. फळं कॉस्टिकच्या कढत पाण्यात बुडवून काढत. सालीवरचा मेणचट थर निघून तिला बारीक चिरा पडल्या की लाकडी तबकांवर पसरून उन्हात घालत. साखर इतकी भरपूर, की आठळीसकट वाळवलं तरी फळ आंबत नाही. तीन किलो ताज्या फळांचे जेमतेम किलोभर प्रून्स होतात. आता बागा सॅक्रामेंटो खोऱ्यात गेल्या आणि उन्हाची जागा गरम हवेच्या बोगद्यांनी घेतली. पोट साफ होण्याचं कारणही साधं आहे : चोथा आणि सॉर्बिटॉल. शंभर ग्रॅम प्रून्समध्ये सॉर्बिटॉल पंधरा ग्रॅमच्या आसपास भरतं.

पण अमेरिकेचा स्वतःचा प्लम वेगळा : रानप्लम. प्रूनस अमेरिकाना हे त्याचं शास्त्रीय नाव. नेब्रास्का-डकोटाच्या माळांवर ओढ्याकाठी त्याची काटेरी जाळी माजते, मुळांतून फुटवे येऊन पसरत जाते. फळ लहान, तांबडं-पिवळं, साल तुरट, गर गोड. बाजारात त्याला भाव नाही. मला मात्र खरा मान त्याचाच वाटतो, कारण या झाडाचं फळच काय, काहीच वाया जात नसे.

मेल्विन गिलमोर यांनी मिसुरी नदीच्या प्रदेशातल्या जमातींचं वनस्पतिज्ञान टिपून १९१९ मध्ये छापलं. त्यात हे झाड जागोजाग भेटतं. ओमाहा लोक मका, घेवडा, भोपळा पेरायचे ते रानप्लम फुलला की. पंचांग तेच. फळं ताजी खात, शिजवून खात आणि हिवाळ्यासाठी वाळवून ठेवत. ओमाहा नि डकोटा बायका आठळ्या काढून वाळवायच्या, पॉनी बायका पुष्कळदा तशाच ठेवायच्या. हा फरक रीतीचा. आपल्याकडे घरोघरच्या लोणच्याचा असतो तसा.

खरचटलं तर मुळाची साल खरवडून उकळत आणि जखमेवर लावत. चिवट, लवचीक डहाळ्यांची मोळी बांधली की खराटा तयार. टेटन डकोटांकडे आजाऱ्यासाठी नवस करायचा तर रानप्लमचा कोवळा फुटवा सोलून, रंगवून काठी करत आणि तिच्या टोकाशी बहुधा चिमूटभर तंबाखू बांधत. औषध आणि प्रार्थना एकाच झाडाची.

फळ संपलं की आठळी उरते, तीही खेळायला घेत. ओमाहा बायका पाच आठळ्यांवर डागून खुणा करत, लाकडी वाडग्यात घालून वाडगं आपटत आणि वर आलेल्या खुणांवर डाव मोजत. हिशेबाला काड्या असत. कवड्यांवर पट खेळलेल्या आपल्या आज्यांना हा खेळ शिकवायची गरज पडली नसती.

रंगासाठी थेट नैऋत्येला, नावाहो विणकरणींकडे जावं लागतं. रानप्लमची मुळं उकळून विणकरणी लोकरीला तांबूस-जांभळट छटा देत. रंग पक्का करायला रानात मिळणारी कच्ची तुरटी. नावाहो शिक्षिका नोनाबा ब्रायन यांनी स्टेला यंग यांच्यासोबत १९४० मध्ये असे कितीतरी देशी रंग कृतींसकट पुस्तकात उतरवले. विदर्भात आलाच्या मुळांतून लाल रंग काढत, तोही तुरटीवरच चढे. पुढे आलाचा वापर जर्मन रसायनी रंगांनी पुसला. 

पूर्व किनाऱ्यावर, केप कॉडच्या वाळूत, आणखी एक जात वाढते : बीच प्लम. तिची जेली तिथे करतात. आणि कॅन्ससने २०२२ मध्ये माळावरच्या सँडहिल प्लमला राज्यफळ ठरवलं. उशिरा का होईना, गावरान फळाला मान मिळाला.

तिकडच्या मराठी घरांना एक सुचवतो. उन्हाळ्याच्या उत्तरार्धात नेब्रास्का-डकोटाच्या माळांवर जाणं झालं आणि जागामालकाची परवानगी असेल, तर टोपलीभर रानप्लम आणा. फळ सालीमुळे तुरट लागतं. गूळ, मिरची, जिरं घातलं की चटणी उत्तम होते. आठळी फोडून आतलं बी मात्र खाऊ नका. त्यात अमिग्डालिन असतं आणि त्यापासून पोटात सायनाइड तयार होतं.