एका एकरावर दोनशे टँकर

एक एकर म्हणजे चाळीस गुंठे, सुमारे ४,०४७ चौरस मीटर. त्यावर एक मिलिमीटर पाऊस पडला तर अंगणातली धूळही नीट बसत नाही. पण तेवढ्यात एकरावर ४,०४७ लिटर पाणी उतरलेले असते. दोनशे लिटरची वीस पिंपे भरतील इतके!

आता पर्जन्यछायेतले शिवार घेऊ आणि वर्षाला ५०० मिलिमीटर पाऊस धरू. एका एकरावर वीस लाख लिटर पाणी झाले, म्हणजे दहा हजार लिटरचे दोनशे टँकर. ज्या गावात एप्रिलपासून हंडे-घागरी रांगेत लागतात, त्याच गावच्या दहा एकरांच्या रानात पावसाळ्यात दोन हजार टँकर रिते होतात. मग ते पाणी जाते कुठे?

वळवाच्या सरीनंतर वांग्याच्या झाडाशी वाकून पाहा. खालच्या पानांच्या पाठीला मातीचे शिंतोडे चिकटलेले दिसतील. पाच मिलिमीटर जाडीचा थेंब ताशी तीस किलोमीटरहून अधिक वेगाने उघड्या मातीवर आदळतो. मातीची कणी फुटते, बारीक कण भोकाभोकांत जाऊन बसतात आणि वर पापुद्रा धरतो. पाणी मुरायचे थांबते, ओघळ धरते. तासाभरात ४० मिलिमीटर कोसळला तर एकरावर सोळा टँकर येतात, आणि मातीने दार लावून घेतलेले असते.

पळणारे पाणी रिकाम्या हाताने जात नाही. देहरादूनच्या मृदसंधारण संशोधन संस्थेतले ध्रुव नारायण आणि राम बाबू यांनी १९८३ साली देशाचा हिशेब मांडला: दर वर्षी हेक्टरी सरासरी १६.४ टन माती जागची हलते. एकरी साडेसहा टन, म्हणजे तीन टनी ट्रॅक्टर ट्रॉलीच्या दोन भरून खेपा. देशभरात मिळून ५३३ कोटी टन. दर सेकंदाला सुमारे १७० टन! त्यातली बरीचशी एका रानातून दुसरीकडे जाऊन पडते, दहा टक्के धरणांत साचते आणि २९ टक्के कायमची समुद्राला मिळते.

एकरी साडेसहा टनांचा थर जाडीला भरतो जेमतेम सव्वा मिलिमीटर. नजरेला तो दिसतच नाही. पण आठ वर्षांत एक सेंटीमीटर जातो, आणि तेवढी माती घडवायला निसर्गाला शेकडो वर्षे लागतात. वरची पंधरा सेंटीमीटर, जिच्यावर सगळे पीक उभे राहते, ती या वेगाने १२० वर्षांत संपेल. पणजोबांनी कसलेले रान पणतूला मुरूम होऊन मिळेल.

यावरचा उपाय मात्र पाठीवरच्या पोत्यात मावतो. एकरी वीस-पंचवीस किलो तागाचे बी पेरले की काही लाख रोपे उठतात. पंचेचाळीस-पन्नास दिवसांत, फुलोऱ्याच्या तोंडाशी, एकरी सहा-आठ टन हिरवा पाला तयार होतो. थेंब आता मातीवर न पडता पानावर पडतो आणि तिथून हळूच ओघळतो. मुळांवरच्या गाठी हवेतले नत्र धरून ठेवतात. पुढे मूळ कुजले की त्याची वाट पाण्यासाठी मोकळी राहते.

ती वाट नांगराने मोडू नये, हेच नेरळचे शेतकरी चंद्रशेखर भडसावळे यांच्या सगुणा भात तंत्राचे मर्म. गादीवाफे एकदाच करायचे. पुढे नांगरट नाही, चिखलणी नाही. भात कापला की मुळे जमिनीतच ठेवायची. उसाच्या फडातही हेच लागू पडते. पाचट पेटवले की रान उघडे पडते; सरीत पसरले की ते महिनोन्‌महिने झाकलेले राहते. त्या ओल्या पाचटाचा थर हाताने उचलून पाहा. खाली गारवा असतो, बुरशीचे पांढरे धागे असतात, गांडुळांच्या विष्ठेच्या गोळ्या असतात. चौरस मीटरला शंभर गांडुळे निघाली, तर एकरात चार लाख झाली. चार लाख सालगडी, रात्रंदिवस भोके पाडणारे.

पुढच्या मोठ्या सरीनंतर बांधावर जा आणि ओघळाचे पाणी ओंजळीत घ्या. ते गढूळ असेल, तर तुमच्या दोन ट्रॉल्या वाटेला लागल्या आहेत. नितळ असेल, तर माती घरीच आहे.