पहिल्या धारेची गोष्ट

दिवाळी अंकात दारूची भट्टी! वाचक भगिनी नाक मुरडतील, हे मी जाणून आहे. पण अनारशाचे तांदूळ तीन दिवस भिजत घालून रोज न विसरता पाणी बदलणाऱ्या गृहिणीला आंबवण्याचे तंत्र मराठीच्या मास्तराने शिकवावे, असे थोडेच आहे! म्हणूनच ही हकीकत सांगण्याचे धाडस करतो.

'पहिल्या धारेची' हा शब्दप्रयोग वर्गात समजावून सांगताना माझी नेहमी त्रेधा उडे. शेवटी एक विद्यार्थीच म्हणाला, "सर, आमच्या गावी चला. आजी सांगेल." सुट्टी लागताच त्याच्याबरोबर चिंचपाड्याला गेलो. सुरत-भुसावळ लोहमार्गावरचे, नवापूर तालुक्यातले हे गाव. चैत्रातली पहाट होती. मोहाखाली पिवळसर फुलांचा सडा पडला होता आणि बायका टोपल्या भरीत होत्या. घरी आजींनी भाजलेली मोहफुले पुढे ठेवली. थेट मनुकांची गोडी! वाळल्या फुलात निम्म्याच्या आसपास साखरच असते.

"आजी, याचीच दारू होते ना?"

"व्हायची. आता नाही करत, मास्तर." नातू दुभाष्याचे काम करीत होता. मग आजींनी रिकामी मडकी एकावर एक रचून सारे दाखवले.

दारूचा कडकपणा पहिल्यांदा ठरतो तो फुलांच्या मापावर. किण्व साखर खाते आणि तिचा मद्यार्क करते. लिटरमागे १७ ग्रॅम साखर आंबली की एक टक्का मद्यार्क, असा ढोबळ हिशेब आहे. परदेशांत घरी बियर करणारे हौशी लोक हायड्रोमीटर नावाची काचेची तरंगती नळी रसात सोडून आंबण्याआधीची आणि नंतरची घनता मोजतात. तोही हाच हिशेब. साखर कमी, तर पेय सौम्य. आणि साखर वाढवीत नेली, तरी बहुतेक किण्वे १२ ते १५ टक्क्यांवर थकतात. स्वतःच केलेल्या मद्यार्कात त्यांचा जीव घुसमटतो.

त्यापुढे जायचे तर चूल पेटवावी लागते. मद्यार्क ७८ अंशांना उकळतो, पाणी १००ला. म्हणून आधी येणारी वाफ कडक, मागून येणारी पाणचट. पहिल्या धारेचे रहस्य ते हेच! वाफ निवावी म्हणून वरच्या मडक्यात गार पाणी असते. ते तापले की बदलायचे. आजींचे माप या पाण्यांत होते.

"पहिल्या पाण्याची तेवढीच पाजली तर माणूस पडतो. आम्ही चार पाण्यांची एकत्र करायचो. पाहुणा आपल्या पायांनी घरी गेला पाहिजे."

थेंबभर विस्तवावर टाकून ज्योत पाहायची, ही शेवटची परीक्षा.

"मग सोडली का?" मी सहज विचारले. नातवाने मान खाली घातली. आजीच थोड्या वेळाने बोलल्या. त्यांचा थोरला मुलगा दारूनेच गेला. घरच्या नव्हे, विकतच्या, पिशवीतल्या.

"ज्योत तर निळीच होती," त्या म्हणाल्या.

मला उत्तर सुचेना. मिथेनॉल हे विषही निळसरच जळते. ज्योतीवरून कडकपणाचा अंदाज येतो, विष ओळखू येत नाही. २०१५च्या जूनमध्ये मुंबईच्या मालवणीत असल्याच विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे गेली.

१८७८च्या मुंबई अबकारी कायद्यानंतर गावोगावची भट्टी मोडत गेली आणि दारू मक्तेदाराच्या दुकानात गेली. १९२२मध्ये देवीच्या चळवळीची लाट दक्षिण गुजरात आणि लगतच्या खानदेशात आली, तेव्हा हजारो आदिवासींनी आपण होऊन दारू सोडली. पुढे १९४९चा दारूबंदी कायदा झाला. आजही परवान्यावाचून घरी दारू गाळणे गुन्हाच आहे, आणि तो कोणी करावा असे मी म्हणणार नाही. व्यसनाने उठलेले संसार आपल्या शहरांतही कमी नाहीत. पण करणारी, पाजणारी आणि पाहुण्याची काळजी वाहणारी एकच बाई होती, तोवर मापाला कोणीतरी धनी होता. पिशवी विकणाऱ्याला, 'ही किती पाण्यांची?' असे कोण विचारणार?

निघताना आजींनी वाळलेल्या मोहफुलांची पुरचुंडी हातात दिली. "लाडू करायला सांगा घरी," म्हणाल्या. यंदा आमच्या फराळाच्या ताटात अनारशांशेजारी ते लाडू आहेत. शब्दाचा अर्थ मात्र आता मला वर्गात पूर्वीसारखा हसत हसत सांगता येत नाही.