बल्ब काळा का पडतो?

विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत अमेरिकेतील कारखानदारीत शास्त्रज्ञाला जे स्थान होते ते बहुतांशी परीक्षकाचे होते. कच्चा माल तपासणे, तयार मालाचा दर्जा पाहणे आणि कोठे बिघाड झाला तर त्याचे कारण शोधणे, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा असे. जर्मनीतील रंग-रसायनांच्या कंपन्यांनी मात्र त्याआधीच वेगळी वाट धरली होती, आणि बीएएसएफ या कंपनीने १८९७ मध्ये कृत्रिम नीळ बाजारात आणून भारतातील निळीच्या शेतीवर जो घाला घातला, तो पदरी बाळगलेल्या रसायनशास्त्रज्ञांच्या बळावरच घातला. अमेरिकेत ही वाट चोखाळणाऱ्यांत जनरल इलेक्ट्रिक ही कंपनी अग्रभागी होती. न्यूयॉर्क राज्यातील स्केनेक्टडी येथे तिने १९०० साली आपली संशोधन प्रयोगशाळा उघडली.

यामागे विद्येच्या प्रेमापेक्षा धास्ती अधिक होती. एडिसन यांच्या कार्बनच्या तंतूच्या दिव्यावरील पेटंटची, म्हणजे ठरावीक मुदतीपुरत्या मक्तेदारीची, मुदत १८९४ मध्ये संपली होती आणि युरोपातून नवनवीन दिव्यांच्या बातम्या येत होत्या. कंपनीचा मोठा नफा ज्या दिव्यावर अवलंबून होता तोच जुना ठरण्याची चिन्हे दिसू लागली, तेव्हा कंपनीतील गणिती अभियंता चार्ल्स स्टाइनमेट्झ यांनी स्वतंत्र प्रयोगशाळेचा आग्रह धरला. बॉस्टनच्या एमआयटीत रसायनशास्त्र शिकवणाऱ्या विलिस व्हिटनी यांना तिचे प्रमुख म्हणून पाचारण करण्यात आले, आणि पहिले काम स्टाइनमेट्झ यांच्या घरामागील एका कोठारात सुरू झाले. व्हिटनी यांनी आरंभी प्राध्यापकी सोडली नाही, आठवड्यातील काही दिवसच ते स्केनेक्टडीला येत. कारखान्याची नोकरी म्हणजे विज्ञानाला रामराम, असा समज विद्यापीठांत त्या काळी किती रुजलेला होता, हे यावरून लक्षात येते.

दिव्यातील तंतू जितका अधिक तापेल तितका तो त्याच विजेत अधिक प्रकाश देतो, म्हणून जो सर्वांत उशिरा वितळतो तो धातू तंतूसाठी सर्वांत योग्य. टंगस्टन हा धातू सुमारे ३४०० अंश सेल्सिअसला वितळतो; परंतु तो इतका ठिसूळ असे की त्याची तार ओढणे अशक्यच मानले जाई. १९०५ मध्ये प्रयोगशाळेत आलेल्या विल्यम कूलिज यांनी या एका अडचणीवर कित्येक वर्षे घालवली. त्यांच्या पद्धतीत टंगस्टनच्या ऑक्साइडपासून हायड्रोजनच्या साहाय्याने धातूची भुकटी मिळवत, ती दाबून तिची कांडी बनवत आणि हायड्रोजनच्याच वातावरणात कांडीतून वीज सोडून तिचे कण एकजीव करत. त्यानंतर ती लालबुंद कांडी यंत्राच्या हातोड्यांखाली सर्व बाजूंनी पुनःपुन्हा ठोकून बारीक केली जाई, आणि अखेर हिऱ्याला पाडलेल्या, क्रमाक्रमाने लहान होत जाणाऱ्या छिद्रांतून, सोनार पट्टीतून सोन्याची तार ओढतो तशी तिची तार ओढली जाई. बहुतेक धातू ठोकल्याने कडक होत होत अखेर तडकतात. टंगस्टन मात्र योग्य तापमानाला ठोकत नेला की त्यातील स्फटिककण लांबट, धाग्यांसारखे होतात आणि थंड झाल्यावरही तो वाकवता येतो. १९१० मध्ये जाहीर झालेल्या या यशानंतर अल्पावधीत कार्बनचा दिवा मागे पडला. कूलिज यांनी याच धातूचा उपयोग करून १९१३ मध्ये क्ष-किरणांची जी नळी तयार केली, तिने रुग्णालयांतील तपासणी कितीतरी भरवशाची केली.

येथवर कंपनीने विचारलेल्या प्रश्नाला संशोधकाने उत्तर दिले, असे म्हणता येईल. प्रयोगशाळेचे खरे मोल कळते ते मात्र १९०९ मध्ये आलेल्या अर्व्हिंग लँगम्युअर यांच्या कामातून, कारण त्यांनी प्रश्नच बदलला. टंगस्टनच्या दिव्याची काच काही काळ वापरल्यावर आतून काळी पडे आणि प्रकाश मंदावे. दिव्यातील हवा पुरेशी काढली गेली नसावी आणि उरलेल्या वायूमुळे हे होत असावे, असा सार्वत्रिक समज होता, म्हणून सर्वांची खटपट अधिक चांगल्या निर्वातासाठी चाले. लँगम्युअर यांनी नेमके उलट केले. त्यांनी वेगवेगळे वायू मुद्दाम दिव्यात सोडले आणि प्रत्येकाचा परिणाम स्वतंत्रपणे तपासला. बाष्पाचा अंश सर्वांत घातक ठरला, आणि त्याचे कारण मोठे विलक्षण निघाले. तप्त तंतूजवळ पाण्याचे रेणू फुटत, त्यातील ऑक्सिजन टंगस्टनशी संयोग पावून काचेवर जाऊन बसे, आणि सुटे झालेले हायड्रोजनचे अणू तेथे पोचून तोच ऑक्सिजन हिसकावून घेत, त्यामुळे काचेवर काळा धातू मागे राही व पाणी पुन्हा तयार होऊन नव्याने तंतूकडे वळे. स्वतः जराही खर्च न होता बाष्पाचा एवढासा अंश अशा फेऱ्या मारत तंतू पोखरत असे.

परंतु बाष्प पूर्णपणे काढले तरी काच काळवंडतच राहिली, आणि त्यावरून टंगस्टनची वाफ होणे हेच मूळ कारण असल्याचे सिद्ध झाले. ती वाफ रोखायची तर तंतूभोवती नायट्रोजनसारख्या निष्क्रिय वायूचा दाब हवा. पण वायू भरला की तो तंतूची उष्णताही वाहून नेतो. या पेचातून वाट निघाली ती केवळ सिद्धान्ताच्या आधाराने. तप्त तारेभोवती वायूचा एक स्थिर थर असतो आणि त्यातून बाहेर जाणारी उष्णता तारेच्या जाडीच्या मानाने फारच थोडी वाढते, म्हणजे जाड तारेला वायूचा तोटा प्रमाणाने कमी सोसावा लागतो, असे लँगम्युअर यांनी दाखवले. मग त्यांनी बारीक तारेचेच घट्ट वेटोळे केले, जेणेकरून ती उष्णतेच्या दृष्टीने जाड तारेसारखी वागेल. कार्बनच्या दिव्याला एका कँडलइतक्या प्रकाशासाठी सुमारे तीन वॅट वीज लागे, ती वायूभरल्या मोठ्या दिव्यांत अर्ध्या वॅटवर आली. महाराष्ट्रातील घराघरांत अनेक दशके जळलेल्या पिवळ्या बल्बमधील ती नाजूक वेटोळ्याची तार या हिशेबातून आलेली आहे.

ज्यांचा दिव्याशी संबंध उरला नव्हता अशी कामेही लँगम्युअर यांना करू देण्यात आली, ही व्हिटनी यांची मोठी दूरदृष्टी मानावी लागते. धातूच्या पृष्ठभागाला वायूचे अणू कसे चिकटतात, हे पाहता पाहता त्यांनी एकाच रेणूच्या जाडीच्या थराची कल्पना मांडली, पाण्यावर पसरलेल्या तेलाच्या थरावर ती पडताळली, आणि पृष्ठभागांच्या या रसायनशास्त्रासाठी त्यांना १९३२ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

या यशाला दुसरी बाजूही आहे आणि ती झाकून ठेवणे योग्य होणार नाही. कंपनीच्या लेखी प्रयोगशाळा ही ज्ञानाची जागा होती तशीच प्रतिस्पर्ध्यांना वेशीबाहेर ठेवणाऱ्या पेटंटची खाणही होती, आणि या पेटंटच्या जोरावर दिव्यांच्या किमती तिने दीर्घकाळ आपल्या मुठीत ठेवल्या. न्यायालयांना हा दावा प्रत्येक वेळी मान्य झाला नाही. तार ओढता येणे हा टंगस्टनचा नैसर्गिक गुण असून तो कोणाची मालमत्ता होऊ शकत नाही, असे १९२८ मध्ये अपील न्यायालयाने ठरवले, आणि १९४९ मध्ये दिव्यांच्या व्यापारातील मक्तेदारीबद्दल कंपनीला दोषी धरण्यात आले.

शिवाय जे ज्ञान निर्माण झाले त्या सर्वाचे पैसे कंपनीला करता आले नाहीत. १९१८ मध्ये लँगम्युअर यांच्या हाताखाली आलेल्या आणि केंब्रिज विद्यापीठाची भौतिकशास्त्रातील डॉक्टरेट मिळवणारी पहिली स्त्री ठरलेल्या कॅथरिन ब्लॉजेट यांनी, काच पाण्यात बुडवून वर काढत तिच्यावर एकेका रेणूचे थर चढवण्याची पद्धत विकसित केली. साबणासारख्या पदार्थाचे असे ४४ थर चढवले की त्यांची एकूण जाडी प्रकाशाच्या तरंगलांबीच्या चौथ्या हिश्श्याइतकी होते, थराच्या वरून आणि खालून परतणारे किरण एकमेकांना मारून टाकतात आणि काचेवरची चकाकी नाहीशी होते, हे त्यांनी १९३८ मध्ये दाखवून दिले. तो थर मऊ असल्याने बोटानेही पुसला जाई. कॅमेऱ्यांच्या आणि दुर्बिणींच्या भिंगांवर पुढे टिकला तो निर्वातात बसवलेला फ्लुओराइडचा कठीण थर, आणि ती पद्धत स्केनेक्टडीबाहेरच्या प्रयोगशाळांतून आली. ब्लॉजेट यांची थर चढवण्याची रीत मात्र पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळांत आजही लँगम्युअर आणि ब्लॉजेट या जोडनावाने वापरात आहे.